पेव

डब्लिनहून फॉर्म आला, चौदा पानांचा.
मराठीत वाचक किती, छापणार किती,
पुस्तकांची दुकानं किती.
सौदे उरकल्यावर, अडतीच्या गादीवर बसून
मी पिवळ्या बोटांनी भरत गेले:
वाचक, कुणी मोजलेले नाहीत.
प्रती, पाचशे.
दुकानं, सांगलीत दीड.
अर्धं म्हणजे स्टँडसमोरचा आवटींचा गाळा,
दिवाळीत तिथं फटाके असतात.

पैसे मंजूर झाले.
त्या दीडवर तिकडं कुणीतरी हसलं असणार.

पुस्तक मुइरनचं. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान,
लिहिते आजोळच्या भाषेत,
जी रस्त्याच्या पाटीवर वरच्या ओळीत असते
आणि दुकानात शिरलं की गप्प बसते.
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
तिनंच केलेलं इंग्रजी, त्यावरून माझी मराठी,
आणि रात्री अकराला ईमेल:
चौथ्या कवितेतली बाई रागावली आहे की दमली आहे?
उत्तर सकाळी:
माहीत नाही, ती माझी मावशी आहे.

एक शब्द अडला.
तिच्या गावची जमीन. काळी, ओली,
विटांसारखी कापून वाळवली की चुलीत जळते,
आणि पुराल ते राखते,
शेकडो वर्षांपूर्वीचं लोणीसुद्धा.
दलदल लिहिलं, खोडलं.
दलदलीत माणूस रुततो, चूल पेटत नाही.
पाणथळ सरकारी वाटलं.
चिखल म्हणावं तर आमचा पूर आठवतो,
भिंतीवरची ती रेघ,
आणि ती कविता पुराची नव्हे.
सात महिने तिथं फुली होती.

फेब्रुवारीत ती आली.
तिकीट त्यांच्या कचेरीचं, हॉल वाचनालयाचा.
एकवीस माणसं. त्यातलं एक
मधुमेहाचं शिबिर शोधत आलेलं, ते शेवटपर्यंत बसलं.
ती वाचू लागली तेव्हा
न सांगता कुणीतरी पंखा बंद केला.
मग प्रश्न. तुमच्यात 'हो'ला काय म्हणतात?
'हो' नाही आमच्यात, ती म्हणाली. 'नाही'पण नाही.
येणार का विचारलं, तर येणार म्हणायचं
किंवा येणार नाही म्हणायचं.
मागच्या रांगेतून आदगोंडा मगदूम, आमचे जुने तोलार:
म्हंजे आमच्यावानीच की.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच नेलं हरिपूरला.
एकेकाळी इथं हळद जमिनीच्या पोटात झोपायची,
वर्षानुवर्षं, किडीशिवाय.
बहुतेक पेवं पाण्यात खचली.
एक त्यांनी राखलंय, कशासाठी ते सांगत नाहीत.
तोंडावरची माती ओढली, फरशी सरकवली.
लगीच उतरायचं न्हाई, बाई. आत जुनी हवा असती.
आदी कंदील सोडायचा.
विजला, तर थांबायचं.
मी तिला इंग्रजीत सांगितलं, पण तोवर
ती कडेला गुडघे टेकून बसलीच होती.
दोरी सुटत गेली. वात बारीक झाली,
निळसर झाली, गेली.
खालून वास आला, मातीचा, हळदीचा,
आणि ज्याला नाव नाही असा एक.
ती हळूच बोलली तो शब्द,
माझ्या फुलीखालचा.
आदगोंडांनी अर्थ विचारला नाही.
हां, म्हणाले. पेव.

मला ठाऊक आहे, चूकच आहे ते.
पेव माणसानं खणलेलं, तिची जमीन आपसूक साचलेली.
पेव जळत नाही.
वर मराठीत ते 'फुटतं'सुद्धा,
कवींचं, क्लासेसचं, नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांचं.
संपादक म्हणाले, तळटीप द्या.
दिली नाही.

एकशे सदतीस प्रती खपल्या.
दहा आवटींकडे, फुलबाज्यांशेजारी.
उरलेले गठ्ठे आमच्याच दुकानात, पोत्यांमागे.
कागदाला आता वास चढलाय,
मुइरनला एक पाठवली तर तिनं कळवलं,
पोस्टमननं आधी हुंगली, मग दिली.

डब्लिनचा शेवटचा फॉर्म टेबलावर आहे.
परिणाम, असा रकाना. दोन ओळींचा.
मी लिहिलंय: कंदील पुन्हा सोडला आहे.
दुसरी ओळ
अजून कोरी आहे. दोरी हातात आहे.